खाट नऊ, डावी मांडी

बाटलीवरची चिठ्ठी ओली झाली होती.
सातापा, वय बेचाळीस, बर्न्स वॉर्ड, खाट नऊ,
डावी मांडी, ऊती.
खाली कुणीतरी घाईत खरडलेलं : गुऱ्हाळ.

वडणग्याचा गुळव्या. काहिलीच्या कडेवर पाय सरला,
एवढं मला रावसो वॉर्डबॉयनं सांगितलं. त्याच्याच गावचा.
माझ्याकडे माणूस येत नाही.
हरभऱ्याएवढा तुकडा येतो,
तो मी तोलते, खलात घोटते,
दहापट पातळ करते, पुन्हा दहापट,
आणि लाल ताटलीवर तारेनं ओढते
रेघा.

मग एक अख्खी रात्र काही नाही.
पेटी सदतीस अंशांवर गुणगुणत राहते,
मी बागवान गल्लीत जाऊन भात टाकते, झोपते.

सकाळी झाकण उचललं
आणि वास आला. द्राक्षांचा.
ताटलीचा वास घेऊ नये, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
पण हा मी शिकण्याच्या आधीचा वास,
लक्ष्मीपुरीतल्या अब्बांच्या हातगाडीचा,
मार्चअखेरच्या दुपारी, ओल्या गोणपाटाखालचा.
अब्बा घड उलटा धरायचे, देठाशी नाक न्यायचे,
आणि धडधाकट मण्यांच्या मागचा
एकच मणी कात्रीनं काढून म्हणायचे,
"ह्यो दिसत न्हाई, पोरी. ह्यो आधी वासानं कळतो."

हिरवट चकाकी. ओळख पटली.
मग औषधांच्या सहा चकत्या गोलात मांडल्या,
पुन्हा एक रात्र.
औषध लागू पडतं तिथं चकतीभोवती
स्वच्छ गोल उमटतो, तो मी पट्टीनं मोजते,
बावीस मिलिमीटर, एकोणीस, असं.
इथं पट्टी टेकवायला जागा नव्हती.
पाच चकत्यांच्या पार कडेपर्यंत साय,
जणू कुणी आलंच नव्हतं.
सहावीभोवती फिकट कडं, बांगडीच्या जाडीचं.
तेवढं लिहिलं.

वही मागं चाळली.
खाट अकरा, गेल्या मंगळवारी : हेच.
खाट सात, त्याच्या आधी : हेच.
तेच सहा आकडे, एकाखाली एक, गिरवल्यासारखे.
भाजलेली तीन माणसं, तीन गावांची,
उठून एकमेकांच्या खाटेपर्यंत जाऊ न शकणारी.
मग ह्यांच्यात हिंडतंय कोण?

"हात धुतो की ओ आम्ही, दर ड्रेसिंगला,"
सिस्टर एस्तेर वायदंडे म्हणाली. जरा दुखावून.
कुठं?
तिनं बोट केलं. बेसिन.
नळाच्या तोंडाच्या जाळीत मी कापसाची काडी फिरवली,
आणि दोन दिवसांनी पुन्हा
द्राक्षं.

अर्ज दिला. प्लंबर सोमवारी, असा शेरा आला.
तो गुरुवार होता.
खाट दहावर धुतलेली चादर घालत होते,
शिरोळहून एक पोरगी यायची होती,
चहाचं आधण अंगावर घेतलेली.
मी आणि एस्तेरनं नळाला सलाईनची रिकामी पिशवी चढवली,
बँडेजचे सात वेढे, वर चिकटपट्टी,
आणि एस्तेरनं मार्करनं लिहिलं :
हात लावायचा नाही. लावलाच, तर माझ्याशी गाठ हाय.

सातापा शनिवारी पहाटे गेला.
तेव्हा ताटलीतलं ते
माझ्याकडे अजून जिवंत होतं,
रेघ सोडून बाहेर पसरत होतं.
ते मी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं. एकशे एकवीस अंश.
रावसो दारात उभा होता.
"गूळ एकशे अठराला उतरतोय मॅडम," तो म्हणाला.
"सातापा काटाबिटा लावत नव्हता.
पाण्यात थेंब सोडायचा, बोटानं गोळी बघायचा."
मग वीस मिनिटं आम्ही दोघं
काट्याकडं बघत राहिलो.

खाट दहाची बाटली अजून आलेली नाही.
आज बारावा दिवस.
मी रोज ट्रे तळापर्यंत बघते.